चाळीस फेऱ्यांची परीक्षा

व्हाइटफील्ड,
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

पुरुषोत्तमराव,

नमस्कार. आधी क्षमा मागतो, मग बाकीचं.

परवा गौरीच्या जेवणाला तुम्ही दोघांनी अगत्याने बोलावलंत. विहीणबाईंनी आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या. जेवणानंतर तुम्ही तुमचा स्वतः बांधलेला अँप्लिफायर लावलात आणि 'कसा वाटला?' म्हणून विचारलंत, तेव्हा सुपारी चघळता चघळता मी बोलून गेलो की तुमच्या जावयाने, ईशानने, मला आणून दिलेली छोट्या अँप्लिफायरची डबी याच्यापेक्षा स्वच्छ वाजते. परतताना माझी सून, म्हणजे तुमची प्रांजली, मॅजेस्टिक स्टेशनला मेट्रो बदलेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांनी तो अठ्ठ्याहत्तर साली केलाय. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आहे तो."

मी मुलाचा बाप, त्यामुळे मी काहीही बोललो तरी तुम्ही हसून घेणार, हेच मला टोचतंय. फोन करणार होतो, पण व्याह्यांशी फोनवर माणूस 'बाकी काय विशेष'च्या पुढे जात नाही.

क्षमा बोलण्याच्या तऱ्हेबद्दल आहे, मताबद्दल नाही. छत्तीस वर्षं नागपुरात संख्याशास्त्र शिकवल्यावर मत बदलायला पुरावा लागतो. तुमच्या अँप्लिफायरमध्ये गाणं सुरू होण्याआधी बारीक गुणगुण ऐकू येते. डबीत येत नाही. ती तळहातावर मावते, तापत नाही, बटण दाबताच वाजते. तुमचे काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल होईपर्यंत माझी एक डुलकी झाली.

भाऊबीज झाली की २६ ऑक्टोबरला मी नागपूरला परत चाललो आहे, कायमचा. तिकीट काढलंय. पत्नी कल्पना गेल्यापासून दीड वर्ष मुलांकडे आहे. मुलं गुणी आहेत, तक्रार काही नाही. पण दोघं सकाळी कॅबने जातात, संध्याकाळी दमून येतात आणि मी चौदाव्या मजल्यावरून ट्रॅफिक बघत बसतो. इथे मला नावाने हाक मारणारं कुणी नाही. जाण्याआधी तुमच्या मनात किल्मिष राहू नये म्हणून लिहिलं.

आपला,
हरी मोहरील


मल्लेश्वरम,
रविवार, ७ सप्टेंबर

हरिभाऊ,

पत्र पोचलं. मुलीचा बाप म्हणून तुमचं सगळं मान्य आहे. आता तो मुलीचा बाप आत कॉफी प्यायला गेलाय आणि पुढचं पत्र सरकारी कारखान्यातला निवृत्त इंजिनिअर लिहितोय.

तुमचं म्हणणं साफ चूक आहे.

गुणगुण आहे, सरी, मान्य. सत्तेचाळीस वर्षांच्या यंत्राने स्वल्प गुणगुण केली तर काय बिघडलं? मी पण करतो. पण त्याचा ट्रान्सफॉर्मर मी कारखान्याच्या जालहळ्ळीच्या क्वार्टरमध्ये हाताने गुंडाळलाय. वेढे मोजताना चुकलो की पहिल्यापासून. झाकण काढलं की त्यातला एकेक भाग डोळ्यांना दिसतो, बिघडला तर बदलता येतो. तुमची डबी बिघडली तर काय करणार? फेकून देणार. शिवाय तिच्या पोटात वीज एका सेकंदात लाखो वेळा चालू-बंद होते. गाण्याचं असं भरीत करायचं आणि परत वांगं बनवायचं, ते मूळच्या वांग्यासारखं लागेल का?

वाद घालून काही होणार नाही, परीक्षा घेऊ. आमच्या कारखान्यात चाळीस नग तपासल्याशिवाय मालावर शिक्का बसत नसे. तेव्हा चाळीस फेऱ्या. दर रविवारी चार वाजता आठ, म्हणजे पाच रविवार. तुमची डबी शनिवारी प्रांजलीबरोबर पाठवा. दोन्हींचा आवाज मी मीटर लावून सारखा करून ठेवतो, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच गोड वाटतो आणि मग भांडण खोटं होतं. यंत्रं आतल्या खोलीत राहतील, स्पीकर हॉलमध्ये, मधे दाराला चादर. आत सुचेता, म्हणजे तुमच्या विहीणबाई, बसेल. ती नाणं उडवेल. छापा आला तर बटण एकवर, म्हणजे माझा. काटा आला तर दोनवर, म्हणजे तुमचा. तसं वहीत लिहील. आपण बाहेर बसून दर फेरीला एकेक चिठ्ठी लिहायची, 'जुना' किंवा 'नवा'. पाचव्या रविवारी चिठ्ठ्या वहीशी पडताळायच्या.

नागपूरला जाण्याबद्दल मी काय बोलणार, तो तुमचा प्रश्न. पण शिकवणाऱ्या माणसाने परीक्षा न देता जाणं बरं दिसत नाही.

आपला,
पुरुषोत्तम निपाणीकर


व्हाइटफील्ड,
सोमवार, १५ सप्टेंबर

पुरुषोत्तमराव,

काल तुमच्या दारात टांगलेली चादर पाहून मला वाटलं, आत कुणाचं ऑपरेशन चाललंय. दोन्ही यंत्रांवर टॉवेल, त्यावर तुमची कानडीतली चिठ्ठी. विहीणबाईंनी अर्थ सांगितला: 'पाच रविवार कुणीही हात लावायचा नाही.' छान बंदोबस्त आहे.

काय सांगू, फरक उघड आहे हो. पहिल्याच फेरीत तंबोरा जाडसर लागला, मी डोळे मिटून 'जुना' लिहिलं. तिसऱ्या फेरीत तबल्याचा बोल कसा सुटा सुटा, कोरून काढल्यासारखा. हा नवा, यात शंकाच नाही. पाचव्या फेरीत गाणाऱ्या बाईंच्या आवाजाला एक ऊब होती, ती तुमच्या व्हॉल्व्हची, कबूल करतो. ऊब म्हणजे यंत्राने स्वतःच्या पदरचं घातलेलं थोडं, जे मूळ गाण्यात नव्हतं. पण कानाला बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो.

एक मात्र सांगायला हवं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने सोळा फेऱ्याही पुरल्या असत्या. पण तुम्ही चाळीस म्हणताय तर चाळीस.

विहीणबाईंना सांगा, उपिटाबरोबर वाढलेली चटणी कशाची होती ते विचारायचं राहिलं.

हरी मोहरील


मल्लेश्वरम,
सोमवार, २२ सप्टेंबर

हरिभाऊ,

चटणी हिरेकाईची, म्हणजे दोडक्याच्या सालीची. तुम्ही दोनदा घेतलीत म्हणून सुचेता आठवडाभर खूश आहे.

कालचं एक गमतीचं सांगतो, कारण तुम्ही पुराव्याची माणसं. काल आठच्या आठ वेळा मला वाटलं की माझाच वाजतोय. एकदाही वेगळं वाटलं नाही. तीच बैठक, तोच खर्जातला भरणा. मग मनाला समजावलं, अरे, नाणं उडवतात म्हटल्यावर निम्म्या वेळा तरी नवा असणार. आठही जुने कसे येतील? म्हणून चार चिठ्ठ्यांवर 'नवा' लिहिलं, जिथे स्वल्प शंका घेता आली तिथे. तुमच्या संगतीने मीही संख्याशास्त्री झालो म्हणायचा.

खरं सांगू? हा अँप्लिफायर केला तेव्हा आम्ही कारखान्यातले सहाजण दर रविवारी जमून भांडायचो. कुणाचा चांगला, कुणाचा वाईट. दोघं वारले, दोघं म्हैसूरला मुलांकडे गेले, एकजण अमेरिकेत. ईशान आला की मी त्याला ऐकवतो, तो म्हणतो, "वा बाबा, मस्त." जावई आहे, दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी तुम्ही अँप्लिफायरला नावं ठेवलीत तेव्हा राग आला, पण फार वर्षांनी यंत्र कुणीतरी खरंच ऐकलं असंही वाटलं.

पुढच्या रविवारी नवरात्र आहे, जेवायलाच या.

पुरुषोत्तम


व्हाइटफील्ड,
सोमवार, २९ सप्टेंबर

पुरुषोत्तमराव,

या पत्रात अँप्लिफायरबद्दल काही लिहीत नाही.

काल निघताना तुमच्या शेजारच्या भीमाचार्यांनी "बन्नी, बन्नी" म्हणत हाताने बोलावलं आणि मला फाटकात थांबवलं. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. वीस मिनिटं बोललो. त्यांच्या गुडघ्याबद्दल सगळं कळलं असं मला वाटतं. शेवटी त्यांनी माझं नाव विचारलं आणि "हरिअण्णा, नेक्स्ट संडे?" असं म्हणाले. मी हो म्हटलं.

जाताना मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि येताना उभा होतो, तरी येतानाचा प्रवास लहान वाटतो. याचं कारण शोधतोय.

चाळीस फेऱ्या कमी पडतील असं वाटू लागलंय. नमुना लहान असला की निष्कर्ष डळमळीत राहतो. ऐंशी केल्या तर? तिकीट महिनाभर पुढे नेता येईल का, ते ईशानला विचारून पाहीन म्हणतो. तुमची हरकत नसेल तर.

हरी


मल्लेश्वरम,
सोमवार, १३ ऑक्टोबर

हरिभाऊ,

काल फेऱ्या संपताच तुम्हाला घाई झाली, पडताळा नंतर करू म्हणालात आणि निघून गेलात. मला काही राहवलं नाही. तुम्ही गेल्यावर चिठ्ठ्या आणि वही घेऊन बसलो. चाळिसापैकी तुमची एकवीस बरोबर. माझी अठरा.

अठरा. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तर वीस आली असती. स्वतःच्या हाताने वेढे घातलेलं यंत्र मला ओळखता आलं नाही. सत्तेचाळीस वर्षं जो फरक फरक म्हणून मी लोकांना सांगत आलो, तो माझ्या डोक्यात होता, कानात नव्हता. किंवा कानच गेले असतील. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे.

परसूला बोलावलंय. तो आमच्याच कारखान्यात होता, आता जुनी यंत्रं घेऊन सुटे भाग विकतो. शनिवारी टेम्पो घेऊन येईल. ट्रान्सफॉर्मरचं तांबं तरी कुणाच्या कामाला येईल. जे आपल्याला ओळखू येत नाही त्याला रोज पुसून कशाला ठेवायचं?

ऐंशी फेऱ्यांची आता गरज नाही. तिकीट पुढे ढकलू नका. तुमच्या वेळेचा मी फार खेळ केला, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला,
पुरुषोत्तम निपाणीकर


व्हाइटफील्ड,
गुरुवार, १६ ऑक्टोबर

पुरुषोत्तमराव,

तुमचं पत्र काल रात्री हाती आलं. हे पोस्टात टाकत नाही. प्रांजली आज ऑफिसातून परस्पर तुमच्याकडे येणार आहे, सकाळी निघताना तिच्या हाती देतोय. हे वाचून होईपर्यंत परसूला आवरा.

फोनवर हात गेला होता, पण हे तोंडाने सांगायचं धैर्य मला नाही.

तुमचे कान शाबूत आहेत. चाळीसच्या चाळीस वेळा तुमचाच अँप्लिफायर वाजत होता.

तिसऱ्या रविवारी मी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा माझ्या डबीचा प्लग टेबलावर पडलेला दिसला. भिंतीत त्याच्या जागी तुमच्या ग्राइंडरचा प्लग होता. मी विहीणबाईंना हळूच विचारलं. त्या इतक्या ओशाळल्या की मलाच वाईट वाटलं.

म्हणाल्या, "पहिल्या रविवारी दोनवर फिरवलं तर आवाजच येईना. व्याह्यांची वस्तू आमच्या घरी येऊन बंद पडली, कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही दोघं बाहेर इतका रंगून फरक सांगत होतात. मग मी बटण एकवरच ठेवलं."

"आणि नाणं?"

"उडवत होते की. वहीत पण लिहीत होते. बटण तेवढं फिरवत नव्हते."

"डबी बिघडली नाही हो. प्लग काढलेला आहे."

त्यांनी प्लगकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पहिल्या रविवारी सकाळीच इडलीचं वाटायला त्यांनी तो काढला होता आणि नंतर तुमची चिठ्ठी लागली, म्हणून कुणी हात लावला नाही. त्या लगेच प्लग लावायला निघाल्या. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, राहू द्या, आणि पुरुषोत्तमरावांना सांगू नका. मुलाच्या बापाचा शब्द त्यांनी मोडला नाही. दोष सगळा माझा आहे.

माझी त्या 'सुट्या सुट्या, कोरलेल्या' तबल्याची गोष्ट आठवते का? तो तुमचाच व्हॉल्व्ह होता. छत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की मनात जे धरून बसाल तेच दिसेल आणि पहिल्या दिवशी मीच फसलो. तुम्ही फसला नाहीत. दुसऱ्या रविवारी तुमच्या कानांनी तुम्हाला आठही वेळा खरं सांगितलं होतं. तुम्ही त्यांचं न ऐकता माझ्या संख्याशास्त्राचं ऐकलंत.

मी गप्प का राहिलो, ते सांगायची लाज वाटते. सांगितलं असतं तर परीक्षा त्याच दिवशी संपली असती. एकदा नीट घेतली असती, निकाल लागला असता आणि मला रविवारी मल्लेश्वरमला यायला कारण उरलं नसतं. सोमवारी सकाळी मी उठायचो तो 'आता सहा दिवस' असं मोजत. ऐंशी फेऱ्यांचं खूळ त्यासाठीच होतं. तुम्ही तुमच्या कानांवर शंका घ्याल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रविवारी निकाल बघायला थांबलो नाही, तोही भित्रेपणाच.

आता कारण संपलं. २६ तारखेचं तिकीट आहेच. अँप्लिफायर तेवढा देऊ नका.

हरी


मल्लेश्वरम,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

हरिभाऊ,

प्रांजलीने पत्र दिलं तेव्हा मी जेवत होतो. वाचून आधी सुचेताकडे बघितलं. ती ताटात बघत होती. मग मला जे हसू आलं ते आवरेना. प्रांजलीने पाठीवर थापटलं, भीमाचार्य काय झालं म्हणून कुंपणापाशी आले. एक म्हातारा कानांवर अविश्वास दाखवतो, दुसरा प्लग बघून गप्प बसतो आणि माझी बायको दोघांचा मान राखायला महिनाभर नाणी उडवते. कारखान्यात हे कळलं असतं तर माझं पेन्शन थांबवलं असतं.

परसूला नको म्हणून कळवलं. डॉक्टरची वेळ रद्द केली.

काल रात्रीच तुमच्या डबीचा प्लग लावला आणि दोन्ही नीट मोजले. जे आहे ते लिहितो. तुमच्या डबीत गुणगुण नावालाही नाही. आवाज वाढवत नेला तर माझा यंत्रराज आधी धापा टाकायला लागतो, डबी लागत नाही. वीज माझ्या यंत्राच्या दहावा हिस्सा खाते. यात तुम्ही जिंकलात. पण हळू आवाजात बाईंचं गाणं लावलं आणि सुचेताला न सांगता बटण फिरवलं, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता आपला लावला वाटतं, बरं वाटलं." डबी सगळं खरं सांगते. माझा थोडं गोड करून सांगतो. दोन्ही ठेवण्यासारखे आहेत, हे सत्तेचाळीस वर्षांनी मान्य करायला मला कठीण जातंय, पण करतो.

आता तुमचं. चाळीस फेऱ्या मी का म्हटलं होतं, ठाऊक आहे? कारखान्यात आम्ही आठच तपासत होतो. चाळीसचा नियम मी तुमचं पत्र वाचता वाचता बनवला, कारण पाच रविवार झाले की माणूस रमेल असं वाटलं. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला 'इथेच राहा' म्हणायची आमच्यात रीत नाही. पोरांच्या घरात तोंड घातलं असं होतं. म्हणून यंत्राच्या आडून म्हणत होतो.

आता आड काही ठेवत नाही. हरिभाऊ, नागपूरला जाऊ नका. मला मित्र हवा आहे. या वयात नवा मिळत नाही आणि मिळाला तर सोडायचा नसतो. कुठल्या रविवारी काय वाजवायचं ते ठरवू, नाही वाजवलं तरी चालेल.

पुरुषोत्तम

ता. क. मी सुचेता. ग्राइंडरसाठी वेगळा प्लगपॉइंट बसवून घेतलाय. मला फार कानकोंडं झालंय, तुम्ही मनात ठेवू नका. आणि यांनी लिहिलंय ते खरं आहे. रविवारी दुपारी तीनपासून हे फाटकाशी उभे असतात.


व्हाइटफील्ड,
सोमवार, २० ऑक्टोबर

पुरुषोत्तमराव,

तुमचं पत्र घेऊन आधी खाली बागेत गेलो आणि दोनदा वाचलं. मग वर येऊन ईशानला म्हटलं, नागपूरला नाही गेलो तर तुमची काही अडचण होईल का?

त्याने फोन काढून तिकीट रद्द केलं आणि फोन माझ्या हातात दिला. प्रांजली स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते.

मी म्हटलं, "अरे, मग इतके दिवस राहा का म्हणाला नाहीस?"

ईशान म्हणाला, "बाबा, तुम्हाला आईच्या घरी जायचंय असं आम्हाला वाटत होतं. अडवलं असतं तर तुम्ही आमच्यासाठी मन मारून राहिला असता."

आणि मी दीड वर्ष समजत होतो की कुणी राहा म्हणत नाही, त्या अर्थी जावं हेच यांना बरं. मुलं माझ्यासाठी गप्प, मी मुलांसाठी गप्प. एका घरात तीन शहाणी माणसं. तुम्ही रीत मोडून दोन ओळी लिहिल्यात, म्हणून मी तोंड उघडलं.

नागपूरचं घर आमच्या कॉलेजातल्या एका बाईंना राहायला देतोय. कल्पनाच्या वस्तू आणायला नोव्हेंबरात चार दिवस जाईन. एकट्याने तिचं कपाट उघडवणार नाही मला. तुम्ही बरोबर याल का?

हरी